गढूळ पाण्यातले मोठे मासे आणि दूरचित्रवाणीवरचे 'राक्षस'

डोहकाठ (धागाकर्ता)

वन्यजीवनावरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत वाघ, हत्ती किंवा देवमासा यांच्याबद्दल ज्या आदराने बोलले जाते, तो आदर गोड्या पाण्यातल्या मोठ्या माशांच्या वाट्याला क्वचितच येतो, असे मला बऱ्याच काळापासून वाटत आले आहे. वाघाने हरीण मारले तर निवेदक निसर्गाच्या समतोलाविषयी बोलतो. दीड मीटरच्या कॅटफिशने पाण्यावर येऊन नुसते तोंड उघडले तरी पार्श्वसंगीतात ढोल घुमू लागतात.

सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे 2009 ते 2017 या काळात ॲनिमल प्लॅनेट वाहिनीवर दाखवली गेलेली 'रिव्हर मॉन्स्टर्स' ही मालिका. तिचे सादरकर्ते जेरेमी वेड हे प्राणिशास्त्राचे पदवीधर आहेत आणि त्यांनी जीवशास्त्र शिकवलेलेही आहे, त्यामुळे दोष अज्ञानाचा आहे असे म्हणता येणार नाही. दोष मला रचनेत दिसतो. नदीवर कोणी दगावल्याची किंवा जखमी झाल्याची हकिकत, त्या प्रसंगाचे अंधुक उजेडातले नाट्यरूप, दोन-तीन संशयित मासे, मग गळ टाकून चाललेला शोध आणि शेवटी हातांवर उचललेला एक प्रचंड मासा, असा बहुतेक भागांचा साचा ठरलेला असे. भारत-नेपाळ सीमेवरच्या काली नदीतल्या गूंच या मोठ्या कॅटफिशवरचा भाग आठवून पाहा. काठावरच्या चितांतली अर्धवट जळालेली प्रेते खाऊन हे मासे अवाढव्य झाले आणि त्यांना माणसाच्या मांसाची चटक लागली, ही कल्पना त्यात मध्यवर्ती होती. वेड यांनी पकडलेला मासा 70 किलोंहून अधिक वजनाचा होता, म्हणजे खरोखरच मोठा होता. पण मोठा असणे आणि माणसे ओढून नेणे यांच्यामधली दरी त्या भागात पुराव्याने भरून निघाली नाही, ती वातावरणनिर्मितीने भरली गेली.

माझा आक्षेप भीतीपेक्षा प्रश्नाच्या निवडीवर आहे. कार्यक्रम 'गुन्हेगार कोण?' असे विचारतो, त्यामुळे मासा पडद्यावर येतो तो आरोपी म्हणून. तो निर्दोष सुटला तरी तो जगतो कसा, हे आपल्याला कळत नाही. गूंच सपाट पोट दगडांना टेकवून, माणसाचा पाय ठरणार नाही अशा प्रवाहात तळाशी दबा धरून राहतो, ही गोष्ट कोणत्याही नाट्यरूपापेक्षा मला अधिक विस्मयकारक वाटते. ती दोन वाक्यांत उरकली जाते. इतरांचे मत वाचायला आवडेल.

जुळणी

संकलन हे माझे रोजचे काम आहे, म्हणून हा परिणाम कसा घडवला जातो ते थोडे तपशिलात लिहिते.

सर्वांत जुनी युक्ती मासा धरण्याची आहे. सादरकर्ता कोपरे सरळ करून मासा कॅमेऱ्याकडे पुढे करतो, कॅमेऱ्याला रुंद कोनाची लेन्स असते आणि ती माशाच्या अगदी जवळ असते. जवळची वस्तू अशा लेन्समधून फुगते आणि मागचा माणूस आक्रसतो. ओळखायचे असेल तर माशाच्या पोटाखालची बोटे पाहा. बोटे चेहऱ्याच्या मानाने भलतीच जाड दिसत असतील, तर मासाही तेवढ्याच पटीने वाढवलेला आहे. तो माणूस माशाच्या शेजारी, त्याच अंतरावर पाण्यात बसलेला असेल, तर दिसणाऱ्या आकारावर बराच विश्वास ठेवता येतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. पाण्याखालच्या चित्रणात माशाचा म्हणून जो आवाज आपण ऐकतो, तो जवळजवळ नेहमीच नंतर भरलेला असतो. अनेक कॅटफिश छातीच्या परांचे काटे घासून करकर असा आवाज काढतात, तो मात्र फारसा ऐकवला जात नाही, कारण तो भीतीदायक नसतो. त्याऐवजी खर्जातली गुरगुर येते, जी कोणत्याही माशाची नाही.

तिसरी गोष्ट जोडणीची. पोहणाऱ्याचे पाय खालून दाखवायचे, लगेच माशाचा डोळा दाखवायचा आणि पुन्हा पाय दाखवायचे. पायांचे चित्रण एका तलावात आणि डोळ्याचे एखाद्या मत्स्यालयाच्या टाकीत झालेले असू शकते. पण तीन दृश्ये सलग लागली की प्रेक्षकाच्या मनात पाठलाग सुरू होतो. त्यात खोटे असे एकही दृश्य नसते, आणि नेमकी हीच पंचाईत आहे. शिवाय जाहिरातींसाठी थांबायचे ते दोरी ताणली जाते त्या क्षणी, त्यामुळे तासाभरात असे चार-पाच ताण निर्माण करणे भाग पडते. माशाच्या विणीच्या हंगामातून तो ताण मिळत नाही, असे निर्माते गृहीत धरतात.

मध्यमा

धागाकर्त्यांचे म्हणणे मला एकांगी वाटते. या मालिकेच्या कितीतरी भागांत शेवटी माशाची बाजू घेतलेली आहे, पकडलेला मासा पाण्यात परत सोडलेला आहे आणि नदीची अवस्था बिघडत चालल्याचे सांगितलेले आहे. ॲमेझॉनमधला अरापैमा, अ‍ॅलिगेटर गार किंवा काँगो नदीतला गोलायथ टायगरफिश ही नावे सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचली ती अशाच कार्यक्रमांमुळे. ज्याचे नावही कोणाला ठाऊक नाही, त्या माशासाठी कोणी हळहळत नाही. भीतीच्या दारातून का होईना, प्रेक्षक आत आला, याचे मोल आपण कमी लेखू नये. राक्षस म्हणून सुरुवात करून अखेरीस 'हा राक्षस नाही' असे सांगणे ही कथनाची जुनी आणि प्रामाणिक रीत आहे.

डोहकाठ

मध्यमा, आपला मुद्दा मान्य करण्याजोगा आहे, पण त्यात वेळेचे गणित येत नाही. पन्नास मिनिटे संशय आणि दोन मिनिटे सुटका असा हिशेब असेल, तर प्रेक्षकाच्या लक्षात काय राहील? शिवाय पुढच्या भागाची जाहिरात, समाजमाध्यमांवर फिरणारे तुकडे आणि शीर्षके ही सारी त्या पन्नास मिनिटांतून निवडली जातात. सुटकेचा तुकडा वेगळा काढून कोणी फिरवत नाही.

गाळवाट

या चर्चेत एक साधी भौतिक अडचण कोणी मांडलेली नाही, आणि माझ्या मते बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिच्यातून निघतात. ती अडचण म्हणजे पाणी.

प्रवाळबेटांवर चित्रीकरण करणाऱ्याला दूरवरचे दिसते. तो माशाच्या मागे तासन् तास राहू शकतो, त्याचे खाणे, भांडणे, जोडी जमवणे टिपू शकतो. मोठे नदीमासे मात्र बहुधा अशा पाण्यात राहतात जिथे हातभर अंतरावरचे दिसत नाही. अँडीज पर्वतातून गाळ घेऊन येणारी सोलिमोंएस (ॲमेझॉनचा वरचा भाग), पावसाळ्यात चहाच्या रंगाची होणारी मेकाँग, खोल आणि खवळलेली काँगो, या नद्यांत कॅमेरा उतरवला तर पडद्यावर फक्त तपकिरी धुके येते. मासा त्याच्या घरात, त्याच्या कामात दाखवता येत नाही. मग त्याला दाखवण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग उरतो तो म्हणजे त्याला बाहेर काढणे, आणि बाहेर काढायचे तर गळ आला.

गळ आला की कथा आपोआप ठरते. गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने पळत असतो, पण काठीच्या या टोकाला असलेल्या माणसाला आणि त्याच्यामागच्या कॅमेऱ्याला ते पळणे हल्ल्यासारखे भासते. दोरी ताणली जाते, होडी कलते, पाणी उसळते, आणि निवेदक 'लढत' असा शब्द वापरतो. त्या माशाच्या आयुष्यातली सर्वांत असाधारण, सर्वांत घाबरलेली वीस मिनिटे आपण पाहतो आणि तोच त्याचा स्वभाव समजतो. पिंजऱ्यात अडकलेल्या बिबट्याच्या फुत्कारांवरून बिबट्याचे चरित्र लिहिण्यास आज कोणी धजावणार नाही. माशांच्या बाबतीत मात्र आपण हेच करत आलो आहोत.

म्हणून निर्मात्यांच्या सनसनाटीपणाला दोष देताना हेही पाहायला हवे की पाणी जिथे नितळ आहे, तिथे तेच माध्यम वेगळे वागते. फ्रान्समधल्या टार्न नदीतले वेल्स कॅटफिश (युरोपातली एक मोठी जात) हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हा मासा तिथला मूळचा नाही, 1983 मध्ये तो त्या नदीत आणला गेला. आल्बी शहरातल्या पुलावरून खाली पाहिले तर रेतीच्या बेटावर पाणी प्यायला उतरलेली कबुतरे आणि उथळ पाण्यात त्यांच्याकडे सरकणारे हे मासे स्पष्ट दिसतात. मासा वरच्या ओठाच्या मिशा ताठ करतो, कबुतराच्या हालचालीने पाण्यात उठणारी थरथर टिपतो आणि अर्धे अंग कोरड्यावर झोकून देतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार असे सुमारे 28 टक्के प्रयत्न यशस्वी झाले आणि स्तब्ध उभ्या असलेल्या कबुतरांवर मासे झडप घालत नव्हते. यात गळ नाही, होडी नाही, जखमी माणूस नाही, तरीही ते चित्रण जगभर पाहिले गेले. जाता जाता सांगतो, त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच संशोधकांनी या माशांची तुलना ऑर्का, म्हणजे 'किलर व्हेल' म्हटल्या जाणाऱ्या देवमाशांशी केली होती, तेव्हा भडक शीर्षकाचा मोह केवळ वाहिन्यांनाच होतो असे नाही.

नवखा_वाचक

चर्चा माहितीपूर्ण आहे. पिरान्हांचा उल्लेख कोणी का केला नाही? तेच तर सर्वांत बदनाम नदीमासे आहेत.

डोहकाठ

पिरान्हा बदनाम आहेत हे खरे, पण ते मोठे नाहीत. बहुतेक जाती वीतभर ते फूटभर असतात. त्यांची ख्याती दूरचित्रवाणीच्याही आधीची आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1913-14 मधल्या ब्राझील मोहिमेनंतर केलेल्या वर्णनांनी ती पक्की केली. लाल पोटाचे पिरान्हा थवा करतात ते मुख्यतः स्वतःच्या बचावासाठी, कारण त्यांनाच खाणारे पुष्कळ प्राणी नदीत आहेत, असे पुढच्या संशोधनात दिसून आले. एवढ्यावर थांबतो, कारण धागा मोठ्या माशांचा आहे.

खवलेमंडळ

बदनामी दूरचित्रवाणीच्या आधीची असते, हा मुद्दा अ‍ॅलिगेटर गारच्या बाबतीत फारच लागू पडतो. उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागातला हा मासा अडीच मीटरपर्यंत वाढतो. मिसिसिपी राज्यात 2011 मध्ये जाळ्यात सापडलेला एक मासा सुमारे 148 किलोंचा होता. लांब जबडा आणि दातांच्या दोन रांगा यांमुळे तो मगरीसारखा दिसतो. माणसावर त्याने हल्ला केल्याची एकही खातरजमा झालेली घटना नाही. असे असूनही तो खेळासाठी पकडल्या जाणाऱ्या माशांचा फडशा पाडतो या समजापोटी त्याला विसाव्या शतकात बराच काळ निरुपयोगी ठरवून मारले गेले. 1930 च्या दशकात टेक्सासमध्ये तर पाण्यात वीजप्रवाह सोडून गार मारणारी खास होडी सरकारी खात्याने चालवली होती.

आता या माशाचे खरे वैशिष्ट्य पाहा. त्याची हवेची पिशवी फुप्फुसासारखे काम करते, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटला की तो वर येऊन हवेचा घोट घेतो. त्याची अंडी सस्तन प्राण्यांना विषारी असतात. मादीला वयात यायला बरीच वर्षे लागतात आणि वीण व्हायची तर वसंतातल्या पुराचे पाणी काठावरच्या गवतावर चढावे लागते. बंधारे घालून पूर थांबवले की मोठे मासे दिसत राहतात, पण पिल्ले होत नाहीत. टेक्सासने 2009 मध्ये दिवसाला एकच गार पकडण्याची मर्यादा घातली आणि इलिनॉयसारख्या राज्यांत, जिथून तो नाहीसा झाला होता, तो पुन्हा सोडण्यात येऊ लागला. पण कार्यक्रमांत आजही जबडाच आधी दिसतो. पुराने बुडालेले गवत मी एकाही लोकप्रिय भागात पाहिलेले नाही.

मध्यमा

मग हे मासे पूर्णपणे निरुपद्रवी आहेत असे म्हणायचे का? तेही दुसऱ्या बाजूचे अतिरंजन होईल.

गाळवाट

नाही, तसे कोणी म्हणू नये. अरापैमाची झेप छातीवर बसली तर माणूस गंभीर जखमी होऊ शकतो. खुद्द वेड यांना तो मार बसलेला आहे. नदीतल्या महाकाय पाकटाच्या शेपटीचा काटा धोकादायक असतो, मात्र तो बचावासाठी वापरला जातो. जून 2025 मध्ये जर्मनीतल्या ब्रोम्बाख जलाशयात एका मोठ्या वेल्स कॅटफिशने पोहणाऱ्यांना चावे घेतले, जखमा किरकोळ होत्या, तरी पोलिसांनी तो मासा गोळी घालून मारला. तो विणीचा काळ होता, आणि या जातीतला नर अंड्यांची राखण करताना जवळ येणाऱ्याला हुसकावतो, असे स्पष्टीकरण जाणकारांनी दिले. बातम्यांची शीर्षके मात्र भुकेल्या राक्षसाची होती.

सर्वांत बोलके उदाहरण फ्लोरिडातल्या सुवानी नदीचे आहे. तिथले गल्फ स्टर्जन उन्हाळ्यात पाण्याबाहेर उंच उड्या मारतात आणि वेगाने जाणाऱ्या होड्यांतल्या माणसांवर आदळतात. अनेक जण जखमी झाले आहेत आणि 2015 मध्ये एका लहान मुलीचा मृत्यू झाला. या माशाला दात नाहीत, नदीत असताना प्रौढ मासे जवळजवळ काही खातही नाहीत, आणि ही जात संरक्षित आहे. म्हणजे खातरजमा झालेला मृत्यू इथे आहे, पण राक्षसाच्या भूमिकेत शोभणारा चेहरा नाही. उपाय काय, तर होडीचा वेग कमी ठेवणे. 'कोण?' या प्रश्नाभोवती बांधलेल्या कार्यक्रमाला अशी घटना पेलत नाही, कारण इथे हेतू नावाची गोष्टच नाही.

खवलेमंडळ

आणि धोका नेमका कोणाला आहे, हेही आकड्यांत मांडायला हवे. 30 किलोंहून अधिक वजन गाठणाऱ्या गोड्या पाण्यातल्या प्राण्यांवरचा एक जागतिक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार 1970 ते 2012 या काळात या प्राण्यांच्या संख्येत सरासरी 88 टक्के घट झाली, आणि त्यातल्या माशांपुरते पाहिले तर 94 टक्के. यांगत्से नदीतला चिनी पॅडलफिश 2003 नंतर कोणाला दिसलेला नाही. गेझोबा धरणाने 1981 मध्ये त्याचा विणीच्या जागांकडे जाणारा मार्ग तोडला होता, आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले.

मेकाँगमधला जायंट कॅटफिश तर साचा मोडणारा प्राणी आहे. 2005 मध्ये उत्तर थायलंडमध्ये पकडलेला मासा 293 किलोंचा होता. प्रौढ माशाला दात नसतात आणि त्याचा मुख्य आहार शेवाळासारख्या वनस्पती हा आहे. 2022 मध्ये कंबोडियात 300 किलोंच्या एका मादी पाकटाने गोड्या पाण्यातल्या माशांच्या वजनाचा हा विक्रम मोडला. एका मच्छीमाराने कळवल्यावर संशोधक तिथे पोहोचले, ध्वनिलहरींनी ठावठिकाणा कळवणारी खूण बसवून तिला परत सोडले, आणि पुढे ती कुठे फिरते याची माहिती मिळू लागली. त्या प्रकल्पाशी संबंधित असलेले झेब होगन हे संशोधक नॅशनल जिऑग्राफिकवर जो कार्यक्रम सादर करत, त्याचे नाव 'मॉन्स्टर फिश' होते. आयुष्यभर या माशांच्या बचावासाठी काम करणाऱ्यालाही पडद्यावर प्रवेश मिळवताना ही पाटी स्वीकारावी लागते, यावरून वाहिन्यांच्या अटी किती घट्ट आहेत ते कळते.

जुळणी

मासा परत सोडण्याच्या दृश्याबद्दल एक गोष्ट राहून गेली होती. प्रेक्षक त्या दृश्याने निर्धास्त होतो, पण त्याआधी काय झाले ते कापलेले असते. पाण्याने तोललेले शंभर किलोंचे शरीर जबड्याला किंवा कल्ल्यांना धरून उभे टांगले की कण्यावर आणि आतल्या अवयवांवर ताण येतो. अरापैमाला तर ठरावीक अंतराने वर येऊन श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे झटापटीत तो फार वेळ खाली अडकला तर बुडून मरू शकतो. मासा शेपटी हलवत खोल पाण्यात गेला, इथे दृश्य संपते. तो दुसऱ्या दिवशी जिवंत होता का, हे पाहायला कॅमेरा थांबत नाही.

मध्यमा

एवढी टीका झाल्यावर कोणी पर्यायही सुचवावा. गळ नको, नाट्यरूप नको, पाणी गढूळ, मग तासाभराचा कार्यक्रम उभा कशावर करायचा?

गाळवाट

ब्राझीलमधल्या मामिराउआ अभयारण्यातल्या अरापैमाच्या मोजणीवर. पाण्याची पातळी उतरली की तिथले मच्छीमार तळ्यांवर वाटून बसतात आणि ठरलेल्या टापूत 20 मिनिटे श्वासासाठी वर येणारे मासे मोजतात. दिसते ते एवढेच: पाणी फुगते, काळसर पाठ क्षणभर वर येते, शेपटीकडची लाल झाक चमकते आणि तवंग पसरतो. आवाजावरून आणि लाटेवरून ते प्रौढ मासा आणि दीड मीटरच्या आतला मासा वेगळा ओळखतात. ही मोजणी शास्त्रीय पद्धतींच्या आकड्यांशी जुळते, हे अभ्यासाने तपासून पाहिलेले आहे. पुढच्या हंगामात किती मासे मारायचे ते याच आकड्यावरून ठरते, आणि प्रौढांच्या 30 टक्क्यांवर जायचे नाही असा नियम आहे. आकडा चुकला तर पुढच्या वर्षीची कमाई चुकते, तेव्हा यात ताण नाही असे म्हणता येणार नाही. 1999 मध्ये ही पद्धत सुरू झाल्यापासून तिथल्या माशांची संख्या कित्येक पटींनी वाढली. त्यापुढे नराचे काळवंडलेले डोके आणि त्याच्याभोवती श्वास घ्यायला वर येणारा पिल्लांचा थवा दाखवता येईल, तेही होडीतूनच. आणि ज्या पाण्यात वरून काहीच दिसत नाही, तिथे ध्वनिलहरींवर चित्र उमटवणारा सोनार आहे. उत्तर अमेरिकेतल्या नद्यांत सॅमन मोजण्यासाठी तो नेहमी वापरला जातो.

मध्यमा

मोजणीचा विषय चांगला आहे, हे मानते. पण तीस माणसे पाण्याकडे टक लावून बसली आहेत, हे दृश्य पाचव्या मिनिटाला प्रेक्षकाला वाहिनी बदलायला लावेल, ही माझी शंका कायम आहे.

जुळणी

तसे होईलच असे नाही, पण ते संकलनावर अवलंबून राहील. सोनारचे चित्र करड्या ठिपक्यांचे असते आणि फार वेळ धरवत नाही, म्हणून ते कमी वापरावे लागेल. मोजणी मात्र आवाजावर बांधता येते. होडीत दिशाधारी माईक ठेवून श्वासाचे खरे आवाज टिपायचे, मोठ्या आणि लहान माशाचा श्वास सुरुवातीलाच वेगवेगळा ऐकवायचा, आणि मग 20 मिनिटांपैकी निदान तीन मिनिटे संगीताशिवाय, न कापता दाखवायची, म्हणजे प्रेक्षक स्वतः मोजू लागेल. दोन मासे एकाच वेळी वर आले तर मोजणारा कोणाची नोंद आधी करतो, हे त्याच्या हातातल्या वहीवर कॅमेरा ठेवून दाखवता येईल. वाहिनीकडून पहिली सूचना येईल ती त्या तीन मिनिटांत ढोल घालण्याची. ती टाळायची तर मूळ ध्वनिमुद्रण इतके स्वच्छ हवे की त्यावर काही चढवले तर लगेच खटकेल.